हो, नाही आणि तरीसुद्धा

आमचे शेजारी टिल्लू बसमध्ये चढले की अख्ख्या बसला गुड मॉर्निंग म्हणतात. एकट्या ड्रायव्हरला नव्हे, तेवढं तर ॲडलेडमध्ये सगळेच म्हणतात. टिल्लू मधल्या मोकळ्या जागेत येऊन उभे राहतात, डोक्यावरची लोकरी टोपी काढतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, "गुड मॉर्निंग, एव्हरीवन!" मग थांबतात. कोणाचं तरी उत्तर आल्याशिवाय ते बसत नाहीत. मॉसन लेक्सहून शहराकडे जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये कानांत वायरी खुपसून डोळे मिटलेली मंडळी असतात. त्यांतल्या कोणाला तरी शेवटी या उभ्या गृहस्थांची दया येते. एकदा कोणालाच आली नाही, तेव्हा ड्रायव्हरनेच आरशात बघून "मॉर्निंग, मेट, नाऊ सिट डाउन, प्लीज" म्हणत प्रसंग निभावला. मी त्याच बसमध्ये होते आणि खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय असं दाखवत होते.

दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये तेच, लिफ्टमध्ये तेच. लिफ्टमध्ये तर पळायलाही जागा नसते.

"फ्रान्समध्ये," टिल्लू सांगतात, "चार माणसं बसलेल्या जागी शिरून बोंजूर म्हटलं नाही, तर तुम्ही उद्धट. मग तुम्ही कितीही शिकलेले असा. इथे उलटं. लोक बसमधून उतरताना थँक यू म्हणतात, पण चढताना एकमेकांकडे बघत नाहीत. अहो, म्हणजे निरोप पाठ आहे आणि ओळखच झालेली नाही!"

टिल्लूंची निम्मी वाक्यं 'फ्रान्समध्ये'ने सुरू होतात. उरलेल्या निम्म्यांत तो शब्द मध्ये कुठेतरी येतो. मूळचे साताऱ्याचे. पंचविशीत ल्यों शहरात शिकायला गेले, तिथेच पंप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर झाले आणि पन्नाशीही तिथेच ओलांडली. मग कंपनीने इथल्या पाण्याच्या कुठल्याशा कामासाठी त्यांना ॲडलेडला पाठवलं. काम संपलं, कंपनीची माणसं परत गेली, टिल्लू राहिले. का राहिले, ते कधी बोलले नाहीत. फ्रान्समधले संप, पाव, पेन्शन आणि शाळा यांची मला आता इतकी माहिती आहे की परीक्षा दिली तर पहिल्या वर्गात येईन, पण तिथे त्यांच्या घरात कोण होतं हे मला भिंतीला भिंत लावून राहूनही ठाऊक नव्हतं.

आमची ओळख गैरसमजातून झाली. मी शॉपिंग सेंटरमध्ये भेंडी निवडत होते. एक अनोळखी गृहस्थ जवळ आले, गोड हसले आणि म्हणाले, "नमस्कार! मराठी ना आपण?" आता इथे राहणाऱ्या कोणाही भारतीयाला विचारा. दुकानात अनोळखी देशबांधव असा गोड हसला की तो हमखास साखळी मार्केटिंगवाला असतो. आधी मुलाबाळांची चौकशी, मग घरी कॉफीचं आमंत्रण, मग फळ्यावर वर्तुळं. वरच्या वर्तुळात तुम्ही, खाली तुमचे दोन, त्यांच्या खाली त्यांचे दोन, आणि सगळ्यांत शेवटी साबण. मी हातातली भेंडी टाकली आणि "आम्हाला इंटरेस्ट नाही हं" म्हणून सटकले. घरी येऊन गाडी लावते, तर तेच गृहस्थ शेजारच्या दारात किल्ली शोधत उभे! त्यांनी पुन्हा नमस्कार केला. मी पुण्याची असले तरी त्या दिवशी मीच त्यांना कॉफीला बोलावलं.

टिल्लूंचं या देशावर प्रेम आहे, पण ते तक्रारीतून व्यक्त होतं. 'नो वरीज' या शब्दांवर त्यांचा विशेष राग. "काहीही सांगा, हे म्हणणार नो वरीज. बस चुकली, नो वरीज. घराला गळती लागली, नो वरीज. अहो, थोडी तरी करा वरी! फ्रान्समध्ये सकाळी पाव घ्यायला गेलेला माणूस पावाबद्दल, सरकारबद्दल आणि पाठदुखीबद्दल तक्रार करून ताजातवाना होऊन घरी येतो. तक्रार करणाऱ्या माणसाला अजून आशा असते, माधवी. नाहीतर तो बोललाच कशाला असता?" हे ऐकून माझ्या मुलीने, ईशाने, "मम, ही हॅज अ पॉइंट" असा निकाल दिला आणि त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल आशावादी राहिली.

त्यांचा दुसरा हट्ट बसून जेवण्याचा. आमच्या गल्लीच्या दरवर्षीच्या बार्बेक्यूला सगळे एका हातात बिअर आणि दुसऱ्या हातात पावात गुंडाळलेलं सॉसेज घेऊन हिरवळीवर उभे असतात. टिल्लू घरून घडीची खुर्ची, घडीचं टेबल आणि काटा-सुरी घेऊन जातात. पहिल्या वर्षी लोक हसले. तिसऱ्या वर्षी त्यांच्या टेबलाभोवती आणखी चार खुर्च्या आलेल्या मी पाहिल्या. टिल्लू त्यांच्याशी ऑस्ट्रेलियन पेन्शनवर कडाक्याचं भांडत होते आणि सगळे भलतेच खुशीत दिसत होते.

तो काळ विद्यार्थ्यांच्या लोंढ्याचा होता. दर सहा महिन्यांनी विमानं भरभरून पोरं येत होती. मॉसन लेक्समध्ये युनिव्हर्सिटीच्या आजूबाजूला तीन बेडरूमच्या घरात सात-आठ जण राहायचे. दिवसा कोर्स, संध्याकाळी शिफ्ट. कोण पेट्रोल पंपावर, कोण पिझ्झा पोचवायला, कोण ऑफिसं झाडायला. टिल्लूंच्या समोरच असं एक घर होतं. त्यातली ऋतुजा नावाची मुलगी बसस्टॉपवर उभी राहून कपातल्या नूडल्स खाताना टिल्लूंनी पाहिली. ते हललेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी समोरचं दार वाजवलं आणि सगळ्यांना रविवारी दुपारी जेवायचं आमंत्रण दिलं.

पोरं आली, पण तयारीने. अनोळखी काका फुकट जेवायला बोलावतो म्हणजे साबण असणार, हे त्यांनाही कळत होतं. मला आणि माझ्या नवऱ्याला, नितीनला, टिल्लूंनी 'प्रतिष्ठित शेजारी' म्हणून बोलावलं होतं. जेवण फ्रेंच पद्धतीने, म्हणजे एका वेळी एकच पदार्थ. आधी नुसती कोशिंबीर आली. ती संपल्यावर बराच वेळ गप्पा. मग भरली वांगी आणि पोळ्या. पुन्हा गप्पा. मग वरण-भात, आणि त्यानंतर, पोरांनी सुटकेचा श्वास टाकायच्या आत, लाकडी पाटावर एक चीज. त्या चीजच्या वासाचं वर्णन मी करणार नाही. सगळी मुलं दर पदार्थानंतर 'आता येतंय बघ' अशा नजरेने एकमेकांकडे पाहत होती. श्रीखंड झालं, कॉफी झाली, आणि टिल्लू आत जाऊन चक्क एक फळा घेऊन आले.

ऋतुजा ताडकन उभी राहिली. "काका, जेवण एकदम मस्त होतं. पण आम्हाला इंटरेस्ट नाही."

"विषय तरी वाचा," टिल्लू म्हणाले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'माणसाने आवडीचं शिकावं की पीआर मिळवून देणारं?' पीआर म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना; काही ठरावीक कोर्स केले की त्याचे पॉइंट मिळायचे.

फ्रान्समध्ये शाळेतल्या मुलांना म्हणे निबंध तीन भागांत लिहायला लावतात. आधी विषयाची बाजू घ्यायची, मग ती खोडायची, मग दोन्ही पचवून पुढे जायचं. टिल्लूंनी त्याचं मराठी केलं होतं: हो, नाही आणि तरीसुद्धा. त्यात स्वतःची भर घातली होती की टेबलावर कोणीही आपल्या मनाची बाजू मांडायची नाही. समोरच्याची मांडायची. "तुमची बाजू तुम्हाला पाठ आहे. ती पुन्हा म्हणून तुम्हाला नवीन काय कळणार?" 'हो' एकाने, 'नाही' दुसऱ्याने आणि 'तरीसुद्धा' यजमानाने.

त्या दिवशी पीआरच्या पॉइंटसाठी केक बनवायचा कोर्स करणारा कोल्हापूरचा एक मेकॅनिकल इंजिनियर केकची बाजू मांडायला उभा राहिला, आणि मांडता मांडता त्याच्या लक्षात आलं की आपल्याला केक खरंच आवडायला लागलाय. तो स्वतःच इतका चकित झाला की खाली बसायचं विसरला. पोरं हसून लोळली. तेव्हापासून दर रविवारी टिल्लूंचं टेबल भरायला लागलं. पोरांनी त्यांचं नाव मस्यू, म्हणजे फ्रेंचमध्ये 'साहेब', असं ठेवलं. नितीन मात्र दर रविवारी आधी घरी दोन पोळ्या खाऊन मग जातो. वांगी यायला वेळ लागतो, हे त्याला कळून चुकलंय.

आमच्या मराठी मंडळींना हे फारसं रुचलं नाही. आमचं म्हणजे सगळं जागच्या जागी लागलेलं. डॉक्टर, इंजिनियर, चार बेडरूम, डबल गॅरेज. एका स्नेहभोजनात कोणीतरी म्हणालं, "ही नवीन पोरं फार गबाळी हो. एका घरात सात-सात जणं. आपलं नाव खराब करतात." टिल्लूंनी चमचा खाली ठेवला. "तुम्ही आलात तेव्हा किती जण राहत होता?" त्यांनी अगदी गोडीत विचारलं. गृहस्थ म्हणाले, "ते दिवसच वेगळे होते." टिल्लू म्हणाले, "दिवस तेच आहेत. तुम्ही वेगळे झालात." त्यानंतर मसालेभात फार शांततेत संपला. मला त्या क्षणी टिल्लूंच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडले नाही, कारण गृहस्थ नितीनच्या ऑफिसातले होते.

मग तो हिवाळा आला. मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांना मारहाण झाल्याच्या बातम्या आल्या. तिकडे भारतात चॅनेलवाले त्या दिवसभर दाखवत आणि घराघरातून फोन सुरू झाले. इथे सल्ले सुरू झाले: ट्रेनमध्ये फोन बाहेर काढू नका, आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका, नजरेत येऊ नका. समोरच्या घरातली पोरं कुजबुजत बोलायला लागली. रविवारच्या टेबलावरसुद्धा आवाज बारीक झाला. टिल्लू संतापले. "रात्री एकटं फिरू नका, हे मीही सांगेन. पण आवाज खाली? आवाज खाली ठेवून काय वाचतं माणसाचं?"

त्याच आठवड्यात ऋतुजा रडत आली. तिच्या वडिलांनी परतीचं विमान शोधायला घेतलं होतं. विट्याला त्यांचं कापडाचं दुकान. सिव्हिलची मास्टर्स पूर्ण व्हायला शेवटचं सेमिस्टर राहिलेलं, आणि ते म्हणत होते, जीव वाचवून ये, पदवीचं बघू. तिने समजावलं, भांडली, फोन आपटला. काही उपयोग झाला नाही.

"वडिलांना रविवारी जेवायला बोलाव," टिल्लू म्हणाले.

"काका, ते विट्यात आहेत."

"मग तिथे जेवतील."

तसंच झालं. ऋतुजाच्या चुलतभावाचा विट्यात कॉम्प्युटर क्लास होता. रविवारी तो बंद असायचा. आमच्या दुपारी, त्यांच्या सकाळी, टिल्लूंच्या टेबलाशी एका खुर्चीवर उशा रचून लॅपटॉप ठेवला गेला. त्याच्यापुढे रीतसर ताट मांडलं. पडद्यावर बंद मॉनिटरांच्या रांगेत ऋतुजाचे वडील संपतराव आणि तिची आई अंग चोरून बसलेले दिसले. पुढ्यात जेवणाचा डबा. टिल्लूंनी सक्त निरोप धाडला होता की जेवल्याशिवाय चर्चा नाही, म्हणून त्या माउलीने भल्या सकाळी उठून भाकऱ्या थापल्या होत्या.

"आमी यवढ्या सकाळी जेवत न्हाई ओ," संपतराव म्हणाले.

"फ्रान्समध्ये—" टिल्लूंनी सुरुवात केली आणि मी टेबलाखालून त्यांना पाय मारला.

संपतराव जेवले. भाकरी मोडताना त्यांचा चेहरा जरा निवळला. मग टिल्लूंनी नियम सांगितला. मुलीने परत का जावं हे ऋतुजा सांगेल. तिने इथेच का राहावं हे संपतराव सांगतील. शेवटचं 'तरीसुद्धा' टिल्लू करतील आणि ते दोघांनी मानायचं.

"ह्यो काय पोरखेळ हाय का साहेब? पोरीच्या जिवाचा प्रश्न हाय!"

"म्हणूनच सांगतोय," टिल्लू म्हणाले. "फोनवर रोज तुम्ही तुमचं बोलता, ती तिचं. कोणी कोणाचं ऐकलं का?"

ऋतुजा उभी राहिली. आधी हसून, पाठ केल्यासारखं बोलायला लागली. घरी गेले तर आईच्या हातचं मिळेल, कपडे धुवावे लागणार नाहीत. मग हसू गेलं. "पेट्रोल पंपावर रात्रीच्या शिफ्टला मागून कोणी आलं की मी हातातलं सोडून मागे बघते. घरी गेले तर असं मागे बघावं लागणार नाही. बसमध्ये आईचा फोन आला की मी कट करते, कारण मराठीत बोलावं लागेल. मग शिफ्ट संपवून पहाटे रूमवर येऊन करते, तेव्हा आई झोपलेली असते." ती लॅपटॉपकडे वळली. "मला भीती वाटते, पप्पा. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं." आणि खाली बसली. केकवाल्या इंजिनियरने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

पडद्यावर संपतराव हलत नव्हते. मला वाटलं, चित्र अडकलं. मग त्यांनी घसा साफ केला.

"तिनं ऱ्हावं, कारण..." ते म्हणाले आणि त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आमच्या घरातलं कोण पुण्याच्या पल्याड गेलं न्हाई. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी कापड दाखवायच्या आधी हिचं सांगतो. पोरगी पूल बांधणार हाय म्हणून. कामाला असलेली माणसं हसत्यात मला. आता ती आली, तर लोक म्हणतील घाबरून आली. आन् ते खोटं हाय. तिला भीती वाटती तरी ती उभी हाय तिथं. घाबरलो मी हाय. रातभर टीव्ही मी बघतो." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "बास. एवढंच मला येतंय."

ऋतुजा रडत होती. हे ती पहिल्यांदा ऐकत होती. नितीन, मी, समोरच्या घरातली सगळी पोरं, आम्ही टिल्लूंकडे बघायला लागलो. आता त्यांची पाळी होती. फळ्यावर 'तरीसुद्धा'चा रकाना कोरा होता. टिल्लू उठले, खडू घेतला, आणि पुन्हा ठेवला.

"संपतराव," ते म्हणाले, "मला हे करता येणार नाही. निवाडा करणाऱ्याला त्यातून स्वतःसाठी काही नको असलं पाहिजे. मला हवंय. ती गेली तर मला करमणार नाही. ही पोरं रविवारी येतात म्हणून मी शनिवारी बाजारात जातो. तेव्हा माझं मत धरू नका. तुमचं दोघांचं बोलणं झालंय, तुम्हीच ठरवा." आणि ते यजमानाच्या खुर्चीवर न बसता कडेच्या स्टुलावर जाऊन बसले. पेन्शनपासून पावापर्यंत सगळ्यावर मत असलेला हा माणूस, ज्या एका मतासाठी आम्ही सगळे जमलो होतो तेच त्याने मागे घेतलं. इतका प्रामाणिक माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मग इतका वेळ गप्प असलेली ऋतुजाची आई पडद्याजवळ सरकली. तिचा फक्त चेहराच दिसायला लागला.

"भाऊ, एक इचारू? तुमचं तिथं कोण हाय?"

"इथे?" टिल्लू म्हणाले. "इथे नाही. ल्योंला बायको होती. सुषमा. ती गेली, मग त्या घरात मला राहवेना, म्हणून हे काम आलं तसं घेतलं."

"मग आता घरात कोण असतं?"

टिल्लूंनी टेबलाकडे पाहिलं. "रविवारी असतात सगळे," ते म्हणाले.

ती बाई पडद्यापासून मागे सरकली. मग नवऱ्याकडे वळली. "आवो, तुमी म्हणत हुता पोरगी तिकडं एकटी हाय. ती कुठं एकटी हाय? तिच्या भवती बघा किती जण बसल्यात." मग पुन्हा आमच्याकडे वळून म्हणाली, "पुरं करू दे तिला तिचं. एवढंच सेमिस्टर हाय न्हवं?"

"पंपावरची रातची पाळी सोडायची," संपतराव म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "एवढं ऐक म्हणावं."

"सोडते, पप्पा."

"आन् भाऊ," आई म्हणाली, "रविवारच्या रविवारच कशाला? मधी बुधवारी बी बोलवा की पोरास्नी."

टिल्लूंनी चष्मा काढला, पुसला, आणि तो हातातच राहिला.

ऋतुजा त्यांच्या स्टुलापाशी जाऊन उभी राहिली. "बुधवारी मला शिफ्ट नसते, काका," ती म्हणाली.